डोंगर झाला, पाण्याचं काय?

संगणकातला डोंगर १९८० साली उभा राहिला. बोइंग कंपनीत काम करणारा लॉरेन कार्पेंटर त्या वर्षी सिॲटलला भरलेल्या, संगणकीय चित्रांच्या सिग्राफ परिषदेत दोन मिनिटांची एक फिल्म घेऊन गेला. ‘व्होल लिब्र’ तिचं नाव. कॅमेरा डोंगररांगांवरून उडत जातो, सुळके येतात, दऱ्या येतात, आणि त्यातला एकही दगड कुणी हाताने रेखलेला नसतो. मोठ्या त्रिकोणाचे लहान त्रिकोण, त्यांचे आणखी लहान, दर वेळी उंचीत थोडी अदलाबदल, एवढ्या भांडवलावर तो सगळा मुलूख उभा होता. ल्यूकासफिल्मने कार्पेंटरला नोकरी दिली आणि डोंगर हा संगणकीय चित्रांचा हुकमी विषय झाला. त्या डोंगरांतून पटण्याजोगं वाहतं पाणी यायला मात्र जवळजवळ आणखी वीस वर्षं जावी लागली.

डोंगराचं एक बरं असतं, तो एकदा केला की झाला. पाणी क्षणाक्षणाला नव्याने करावं लागतं, आणि त्यातला एक थेंब कुठे जाणार हे शेजारपाजारच्या सगळ्या थेंबांवर ठरतं.

नव्वदच्या दशकात घरच्या संगणकावर निसर्गदृश्यं करायची हौस ज्यांना होती, त्यांना १९९४ साली आलेलं ब्राइस आठवत असेल. नंतर टेराजेन आलं, व्ह्यू आलं. या सॉफ्टवेअरमधून निघालेली चित्रं आपल्यापैकी अनेकांनी संगणकाच्या पडद्यावर वॉलपेपर म्हणून लावली आहेत. बर्फाळ शिखरं, आकाशात एखादा जादाचा चंद्र, आणि पुढे आरशासारखं तळं. तळंच का? कारण तळ्याला एकच आकडा पुरतो, उंचीचा. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर पाण्याची पातळी आहे असं सांगितलं की एक आडवी, अंत नसलेली पातळी तिथे घातली जाते, तिच्याखालचं सगळं बुडतं, वर थोड्या तरंगांची नक्षी उठवली की काम संपलं. नदीला उतार असतो. ती खडकाखडकाला वळसा घालत उतरते, कुठे साचते, कुठे फुटते. हे एका आकड्यात मावत नाही. म्हणून त्या काळच्या डिजिटल निसर्गचित्रांत तळी उदंड आणि ओढे दुर्मीळ. ती चित्रकारांची आवड असेल असं मला पूर्वी वाटायचं, पण खरं कारण सॉफ्टवेअरच्या पोटात होतं.

पाणी कसं वाहतं याचं गणित तसं जुनंच. फ्रान्समध्ये क्लोद-लुई नॅव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि इंग्लंडमध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ते मांडलं. त्यातला आशय साधा आहे. पाण्याच्या एका कणाचा वेग बदलतो तो तीन-चार कारणांनी: गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, शेजाऱ्यांचा दाब त्याला ढकलतो, चिकटपणा त्याला मागे धरतो, आणि पाणी दाबून लहान होत नसल्यामुळे एखाद्या जागेत जेवढं शिरलं तेवढं बाहेर पडावंच लागतं. आशय साधा असला तरी उत्तर काढणं महाकठीण. या समीकरणांची त्रिमितीतली उत्तरं कायम सुरळीतच राहतात का, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. क्ले गणित संस्थेने त्यासाठी २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून पडून आहे. सिनेमावाल्यांना मात्र सिद्धतेची वाट पाहण्याएवढा वेळ कधीच नसतो. त्यांना शुक्रवारी शॉट द्यायचा असतो.

त्यांची रीत अशी. जिथे पाणी हवं तिथे एक मोठी चौकोनी पेटी कल्पायची, तिला या धंद्यात डोमेन म्हणतात. पेटीत उभे-आडवे बारीक खण पाडायचे. प्रत्येक खणात पाणी किती, वेग किती, दाब किती हे मांडायचं आणि मग घड्याळ एक पाऊल पुढे सरकवून सगळे आकडे पुन्हा काढायचे. अडचण त्या पावलाच्या लांबीची. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ सालीच दाखवून दिलं होतं की अशा हिशोबात एका पावलात पाणी साधारण एका खणापेक्षा पुढे जाता कामा नये. गेलं तर आकडे भडकतात आणि संगणकातलं पाणी अक्षरशः स्फोट होऊन उडतं. म्हणजे खण बारीक केले की पावलंही बारीक. खणांची संख्या तिन्ही दिशांनी दुप्पट केली की खण आठपट आणि पावलं दुप्पट, एकूण मेहनत सोळापट. पाण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा सोळाचा आकडा ठाण मांडून बसलेला असतो.

निक फॉस्टर आणि दिमित्री मेटॅक्सस यांनी १९९६ मध्ये ही रीत ॲनिमेशनसाठी नीट बसवली. १९९८ च्या ‘अँट्झ’मध्ये मुंग्यांच्या वारुळात जो पूर शिरतो, त्यामागे फॉस्टरचंच काम होतं. १९९९ मध्ये योस स्टॅम याने पावलाच्या लांबीची अटच उडवून लावली. खणात आत्ता असलेलं पाणी पुढे कुठे जाईल हे विचारण्याऐवजी, ते मागून कुठून आलं असेल हे त्याने विचारलं. एवढ्या उलट्या प्रश्नाने हिशोब कधीच भडकेनासा झाला. किंमत एकच पडली, पाणी मंदावलं. मागचा वेग काढताना दर वेळी शेजारच्या खणांची सरासरी घ्यावी लागते, त्यात भोवरे विरघळतात आणि पाणी पाकासारखं जडशीळ दिसू लागतं. धुराला ते खपून जातं. ‘श्रेक’मधल्या चिखलालाही खपलं असतं. ओढ्याला नाही खपत.

ओढ्याचा जिवंतपणा आला तो अनपेक्षित दिशेने. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत, म्हणजे अणुबाँब जिथे घडला तिथे, १९५० च्या दशकापासून कण आणि खण यांचा एकत्र हिशोब करायच्या पद्धती तयार होत होत्या. ब्रॅकबिल आणि रप्पेल यांनी १९८६ मध्ये त्यातलीच एक सुधारून मांडली. तिला फ्लिप म्हणतात. यात पाणी म्हणजे लक्षावधी सुटे कण. आपला वेग प्रत्येक कण स्वतःजवळ बाळगतो. दाबाचा हिशोब करण्यापुरतं सगळे कण खणांत हजेरी लावतात, वेगात जो फरक पडायचा तेवढाच घेतात आणि पुन्हा मोकळे होतात. सरासरीत वेग हरवत नाही, त्यामुळे शिंतोडे शिंतोड्यांसारखे उडतात. ही पद्धत चित्रांच्या जगात आणली झू आणि ब्रिडसन यांनी २००५ मध्ये, आणि गंमत म्हणजे त्यांचा निबंध वाळूवर होता. वाळूसाठी आणलेली पद्धत पाण्याने पळवली. आज हूडिनी असो, ब्लेंडर असो, अशा सॉफ्टवेअरमधल्या पाण्याच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी हीच कल्पना आहे.

समुद्राची कथा निराळी, आणि माझ्या मते त्यात जास्त हुशारी आहे. जेरी टेसेनडॉर्फ यांच्या पद्धतीने उघड्या समुद्राच्या बाबतीत नॅव्हिए-स्टोक्सला हात न लावताच काम होतं. समुद्राचा पृष्ठभाग म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या हजारो लाटांची बेरीज. कुठल्या वाऱ्यात कुठली लाट किती उंच असते याची निरीक्षणं सागरशास्त्रज्ञांनी आधीच करून ठेवलेली. लांब लाटा भराभर जातात आणि आखूड मागे राहतात हा नियमही ठाऊक. ही बेरीज झटकन करायची युक्ती १९६५ पासून उपलब्ध होती. ‘वॉटरवर्ल्ड’ आणि ‘टायटॅनिक’मधला संगणकीय समुद्र याच घराण्यातला. क्षितिजापर्यंत पसरलेलं पाणी त्यामुळे स्वस्तात मिळालं. पण या समुद्राला किनारा माहीत नाही. खडक आला तरी लाट त्यातून आरपार निघून जाते, कारण ती बेरीज आहे, पाणी नव्हे. म्हणून खडकाभोवती पेटी मांडून खरं सिम्युलेशन करायचं आणि पेटीच्या कडेला ते बेरजेच्या समुद्राशी बेमालूम जोडायचं, हा आजचा सर्रास रिवाज आहे.

या सगळ्या कामाला पावती मिळाली ती फेब्रुवारी २००८ मध्ये. ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारांत त्या वर्षी पाण्याचाच सुकाळ होता: इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकची प्रणाली, डिजिटल डोमेनची प्रणाली, रिदम अँड ह्यूजची प्रणाली, जर्मनीतलं फ्लोलाइन, आणि माद्रिदच्या नेक्स्ट लिमिट कंपनीचं रिअलफ्लो. डिजिटल डोमेनच्या मानकऱ्यांत ढाक्यात जन्मलेले नफीस बिन जफर होते. यातलं रिअलफ्लो महत्त्वाचं अशासाठी, की ते कुणा एका स्टुडिओच्या तिजोरीत बंद नव्हतं; विकत मिळत होतं. निसर्गदृश्यं करणाऱ्या हौशी मंडळींनी टेराजेन-व्ह्यूमधला डोंगर बाहेर काढून रिअलफ्लोमध्ये न्यायचा, त्यावर पाणी सोडायचं आणि गोठवलेलं पाणी पुन्हा डोंगरात आणून बसवायचं, असा उद्योग मग जोरात सुरू झाला. ओढे अखेर डोंगरांत आले.

आता हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून पाहू, आणि त्यासाठी आल्प्समध्ये जायचं कारण नाही. सह्याद्रीतली एक घळ घ्या, साठेक मीटरचा धबधबा असलेली.

डोंगर फुकट मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. इस्रोच्या कार्टोसॅट-१ वरून केलेला उंचीचा नकाशाही ‘भुवन’ या संकेतस्थळावर आहे. दोन्हींत साधारण दर तीस मीटरला एक उंची. देशावरच्या पठाराला हे पुरेसं आहे. कड्यापाशी मात्र फसगत होते. एक बिंदू माथ्यावर पडतो, दुसरा पायथ्याला, आणि मधे सॉफ्टवेअर सरळ रेघ ओढतं. ताशीव कडा तिरका उतार होऊन बसतो. दहा-पंधरा मीटर रुंदीची घळ तर नकाशात नसतेच. त्यावर पाणी सोडलं की ते उतारभर चादरीसारखं पसरतं.

म्हणून पहिलं काम छिन्नीचं. घळ कोरायची, कड्याची धार काढायची, आणि मुख्य म्हणजे पायऱ्या पाडायच्या. सह्याद्रीचा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. टणक थर टिकतो, मऊ थर झिजतो, त्यामुळे आपल्याकडचं पाणी टप्पे घेत उतरतं. दूधसागर चार टप्प्यांनी येतो तो याच कारणाने. सॉफ्टवेअरच्या तयार प्रीसेटमधला, म्हणजे आधीच बसवून ठेवलेल्या साच्यातला, डोंगर हे करत नाही, तो टोकदार शिखरं देतो. कितीही चांगलं पाणी सोडलं तरी चुकीच्या खडकावरून ते चुकीचंच पडणार.

मग धबधब्यापुरता भाग कापून घ्यायचा. सगळ्या दरीला पेटी घालायचा मोह होतो, तो आवरायचा. चौसष्ट मीटरची घनाकृती पेटी घेतली आणि प्रत्येक बाजूचे २५६ भाग केले तर एक खण पंचवीस सेंटिमीटरचा होतो आणि असे १ कोटी ६८ लाख खण पडतात. ५१२ भाग केले तर खण साडेबारा सेंटिमीटरचा आणि संख्या १३ कोटी ४२ लाख. थेंब मिलिमीटरचा असतो. तिथवर पोहोचायचं म्हटलं तर शून्यं लिहिता लिहिता पान भरेल. थोडक्यात, कड्यावरून ओघळणारा दोन बोटं जाडीचा पाण्याचा पापुद्रा या हिशोबात अस्तित्वातच नाही. तो खडकाच्या रंगात दाखवावा लागतो: ओला खडक जास्त काळा आणि चकचकीत. धबधब्याच्या चित्रात निम्मं काम हा ओला खडक करतो, असं मी म्हणेन. नवशिके त्याकडे ढुंकून पाहत नाहीत आणि त्यांचं पाणी कोरड्या दगडावर चिकटवल्यासारखं दिसतं.

खडकाचा कवच-पृष्ठभाग जाड करून घ्यावा लागतो, नाहीतर पाणी त्यातून गळून पेटीच्या तळाशी जाऊन बसतं. वरच्या बाजूला इनफ्लो, म्हणजे पाणी सोडणारी वस्तू, ठेवायची. पहिले काही सेकंद नुसतं घळ भरण्यात जातात. ते टाकून द्यायचे. मग बेक. बेक लावला की संगणक तास-दोन तास, मोठ्या कामात रात्रभर, दर चौकटीचं पाणी डिस्कवर लिहीत बसतो. ब्लेंडरमध्ये ‘रिझ्यूमेबल’ नावाची एक बारीक खूण आहे, ती मुळात बंद असते. ती चालू केली तरच थांबलेला बेक पुढे नेता येतो. लोडशेडिंगच्या गावात राहणाऱ्याने आधी ती खूण करावी आणि मग चहाला जावं.

हे सगळं यथासांग केल्यावर पहिल्यांदा जे दिसतं ते बहुधा बादलीतून दगडावर ओतलेलं पाणी असतं. कुठे चुकलं ते कळत नाही. चूक जवळजवळ नेहमी मापाची असते.

साठ मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला खाली यायला साडेतीन सेकंद लागतात. साठ सेंटिमीटरवरून पडायला एका सेकंदाचा तिसरा हिस्सा. उंची शंभरपट, वेळ दहापट. वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. आपण धबधब्याची उंची डोळ्याने मोजत नाही, पाणी पडायला किती वेळ लागतो त्यावरून ती ओळखतो, आणि हे न शिकता कळतं. कलाकाराने डोंगर दोन मीटरचा करून ठेवला असेल आणि चित्रात तो दोनशेचा म्हणून दाखवायचा असेल, तर पाणी दहापट घाईने पडेल आणि प्रेक्षकाला खेळणं दिसेल. खण कितीही बारीक करा, ही चूक सुटत नाही. पाण्याच्या कामातली जास्तीत जास्त वाया गेलेली वीज याच चुकीवर गेली असावी.

हा नियम पुण्याजवळ खडकवासल्याला अनेक दशकं वापरात आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सुरू केलेलं, आजचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र तिथे आहे. धरणांचे सांडवे, बंदरं, नद्यांची पात्रं यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांवर खरं पाणी सोडून पाहणं हे तिथलं परंपरेचं काम. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या प्रतिकृतींसाठी जो नियम बसवला तोच तिथे लागतो: पंचविसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीत पाणी पाचपट घाईने वागतं, तेव्हा तिथला एक तास म्हणजे धरणावरचे पाच तास. सिनेमातले जुने कसबी लोक खेळण्यातली जहाजं हौदात बुडवताना कॅमेरा याच हिशोबाने वेगात फिरवत, म्हणजे पडद्यावर लाट जड वाटायची. तरी त्यांचं बिंग फुटायचं ते थेंबात. जहाज लहान करता येतं, थेंब लहान करता येत नाही. संगणकात थेंबही लहान करता येतो, मात्र त्यासाठी आपण कुठल्या मापात काम करतोय हे आधी ठरवावं लागतं. व्हीएफएक्स शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गाने विद्यार्थ्यांना एकदा खडकवासल्याला न्यायला हवं.

मापानंतरची अडचण हवेची. धबधब्याच्या बहुतेक सिम्युलेशनमध्ये हवा नसतेच. पाण्याच्या वरची जागा रिकामी धरतात, म्हणजे हिशोब सोपा राहतो. खरा धबधबा वीस-तीस मीटर खाली येईपर्यंत हवेने फाडून काढलेला असतो. सलग धार उरत नाही, लोंबत्या पिसांसारखे झोत होतात, त्यांचे तुषार, तुषारांचं धुकं. त्याचा शुभ्र रंगही हवेचाच. पाणी आणि हवा यांच्या असंख्य बारीक पृष्ठभागांवरून प्रकाश विखुरतो म्हणून फेस पांढरा. हे सगळं वेगळ्या, दुय्यम कणांनी करतात. मुख्य पाण्यात कुठे हवा अडकतेय, कुठे लाटेचा माथा मोडतोय, कुठे वेग जास्त आहे हे पाहून तिथे कण जन्माला घालायचे. हवेत असला तर तुषार, पृष्ठभागावर असला तर फेस, आत असला तर बुडबुडा. इमसेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ही विभागणी मांडली आणि ती सगळीकडे रुळली. २०२२ च्या ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’साठी न्यूझीलंडच्या वेटा एफएक्सला जे नवं संशोधन करावं लागलं, त्यात फेस आणि तुषार हेही विषय होते.

नाणेघाटाचा उलटा धबधबा संगणकात करून पाहा म्हणजे हवेचं महत्त्व पटेल. पावसाळ्यात कोकणातून चढणारा वारा कड्याला थडकतो आणि काठावरून पडणारं पाणी उचलून पुन्हा पठारावर फेकतो. साध्या सिम्युलेशनमध्ये वाऱ्याचा जोर कितीही वाढवला तरी एकतर पाणी मुकाट खाली जातं, नाहीतर सगळीच धार सतरंजीसारखी वर उचलली जाते. दोन्ही खोटं. जड झोत खाली जायला हवेत आणि बारीक थेंब वर. थेंब जितका लहान तितका तो वाऱ्याच्या ताब्यात. म्हणजे थेंबांचे आकार वेगळे ठेवावे लागतात आणि कड्यालगत वाऱ्याचा झोत वळवावा लागतो. नाणेघाटासाठी कुणी प्रीसेट बनवलेला नाही. बनवणार कोण, तो पाहिलेलाच माणूस ना?

रंगाबद्दलही तेच. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३, सरळ वरून पाहिलं तर जेमतेम दोन टक्के प्रकाश परततो, तिरपं पाहिलं तर जवळजवळ सगळा, म्हणून पायाजवळचं पाणी पारदर्शक आणि लांबचं आरशासारखं. हे सॉफ्टवेअर बिनचूक करतं. पण ते शुद्ध पाण्याचं. आषाढातला ओढा दुधाच्या चहाच्या रंगाचा, कोकणात जांभ्याच्या मातीने तांबडा, आणि पुराच्या पहिल्या लोंढ्यात पालापाचोळ्याने काळपट असतो. मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि जाहिरातींत आपल्याच घाटांत निळंशार, काचेसारखं पाणी वाहताना दिसतं तेव्हा ते ज्याने केलं त्याने पाऊस एसीत बसून पाहिला असावा अशी शंका येते. गाळ हा शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचा रंग आणि प्रकाश ठरवणाऱ्या भागात, एका जादा कप्प्यात भरायचा असतो, फार तर दहा मिनिटांचं काम.

पाण्याच्या या धंद्याला आपल्याकडे एक कडू संदर्भही आहे. अँग ली यांच्या ‘लाइफ ऑफ पाय’चं चित्रीकरण तैवानमधल्या तायचुंग इथे जुन्या विमानतळावर बांधलेल्या लाटांच्या हौदात झालं, हौदाच्या कडेपलीकडचा समुद्र आणि आकाश संगणकातलं. त्यातलं मोठं काम रिदम अँड ह्यूजचं. या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेतही होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. सभागृहाबाहेर शेकडो कलाकार निदर्शनं करत होते. आत पुरस्कार घेताना बिल वेस्टनहोफर कंपनीच्या अवस्थेबद्दल बोलू लागले तसं ‘जॉज’चं संगीत वाजवून त्यांचा माइक बंद करण्यात आला. पडद्यावरच्या पाण्याला पैसा आहे, ते करणाऱ्याला असेलच असं नाही. ठरलेल्या रकमेत काम घ्यायचं आणि दिग्दर्शकाने लाट दहा वेळा बदलायला सांगितली तरी रक्कम तीच, हा या धंद्याचा जुना दुखरा भाग आहे, आणि पाण्याच्या शॉटला तो सर्वांत जास्त झोंबतो. डोंगर हलवला की पाणी पहिल्यापासून.

आपल्याकडच्या चित्रपटांत दोन टोकं दिसतात. २०१५ च्या ‘बाहुबली’तला गगनाला भिडणारा धबधबा हैदराबादच्या मकुटा स्टुडिओने उभारला, त्यामागे केरळचा अतिरप्पिल्ली धबधबा होता. तिथे पाणी संथ पडतं म्हणूनच ते उंच वाटतं, कथेतली अतिशयोक्ती मापाने तोलली आहे. उलट ‘तुंबाड’साठी राही अनिल बर्वे अनेक पावसाळे थांबले आणि खऱ्या पावसात शूटिंग केलं. २०१८ मध्ये तो चित्रपट आला तेव्हा त्यातला पाऊस पाहून कोकणातल्या माणसालाही पटलं. ज्यांना पाऊस मिळू शकतो त्यांनी तो खराच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सिम्युलेशन तिथे वापरावं जिथे पाणी मिळणारच नाही: बुडालेलं गाव दाखवायचं असेल, दोनशे वर्षांपूर्वीची नदी दाखवायची असेल, किंवा धरण व्हायच्या आधीची दरी.

आणि अशी कामं आता मोठ्या स्टुडिओखेरीज होऊ शकतात. ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे. निल्स थ्युरी या विद्यार्थ्याने त्यात २००५ मध्ये पहिल्यांदा पाणी घातलं. फेब्रुवारी २०२० पासून त्याच्याच वर्तुळातून आलेली मँटाफ्लो प्रणाली त्यात आहे. हूडिनीची शिकण्यापुरती आवृत्तीही फुकट मिळते. समीकरणं, खण, कण, फेस, सगळं त्यात तयार आहे. कोल्हापूर-सांगलीचा पूर, कोयनेखाली गेलेली गावं, पानशेत, हे विषय आपल्याकडच्या तरुणांनी हाती घ्यावेत असे आहेत.

सॉफ्टवेअर जे देत नाही ते मात्र बाहेरूनच आणावं लागेल. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात घाटात जाणाऱ्या ॲनिमेशनच्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे: रील करू नका, संदर्भ गोळा करा. मोबाइल स्टँडवर लावा, झूम करू नका, हलवू नका, आणि एकाच चौकटीत दोन-तीन मिनिटं सलग चित्रण करा. चौकटीत मापाला माणूस किंवा छत्री येऊ द्या, पण काठापासून आणि प्रवाहापासून लांब. संदर्भासाठी जीव घालवायची गरज नाही. कड्याची उंची, तारीख, वारा कुठल्या दिशेचा होता आणि पाण्याचा रंग कसा होता, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि मिळालेलं चित्रण स्वतःच्या डिस्कवर कुलूपबंद न करता आपल्या वर्गातल्या बाकीच्यांनाही द्या.